लिनसाहेबांचा काढा आणि हिराकाकीचा ओवा

कारखान्यात माल कधी कमी निघतो, कधी जास्त. किस्से मात्र तिन्ही शिफ्टमध्ये निघतात!

महाडला आमचा केमिकलचा कारखाना आहे, आणि मी तिथे अ‍ॅडमिनला. गेस्ट हाऊस, कॅन्टीन, पाहुण्यांच्या गाड्या हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे मशिनचे किस्से मेंटेनन्सवाल्यांकडे जातात आणि पोटाचे माझ्याकडे येतात. आता पोटाचे किस्से साचतात भराभर, पण चारचौघांत सांगायची पंचाईत. लिनसाहेब आले आणि तीही लाज गेली.

लिनसाहेब म्हणजे चीनहून आलेले टेक्निशियन. आमच्याकडे पावडर सुकवायचं नवं मशिन आलं, ते जोडून, चालवून दाखवायला हे आले. पन्नाशीचे, शिडशिडीत, कायम इस्त्रीचा शर्ट. मराठी शून्य, इंग्रजी कामापुरतं. बाकी सगळं मोबाईलवर. ते चिनीत बोलायचे आणि मोबाईलमधली बाई ते मराठीत सांगायची. ती बाई काय बोलेल याचा नेम नव्हता.

गेस्ट हाऊसला स्वयंपाकाला हिराकाकी. मूळची वर कुडपणची. नवरा आणि मुलगा मुंबईला, ही इथे. पोटाच्या कुठल्याही तक्रारीवर काकीकडे एकच उत्तर होतं : ओवा. लिनसाहेबांकडे एक सबंध सुटकेस होती!

*

पहिल्याच आठवड्यात सकाळी काकीचा फोन. "बाय, लवकर ये गो. पावणा रडायला आलाय."

मी धावत गेले. लिनसाहेब स्वयंपाकघरात उभे. हातात एक काचेची बरणी, धुऊन लख्ख केलेली, रिकामी. मला बघताच त्यांनी मोबाईल पुढे केला. बाई म्हणाली, "माझ्या आईची साल कुठे आहे?"

काकी दोन पावलं मागे सरकली. "आईची साल? अगो बाय! हा काय घेऊन आलाय घरात?"

बराच वेळ हातवारे झाले, तेव्हा उलगडा झाला. ती संत्र्याची साल होती. त्यांच्या आईने घरी वाळवलेली, वर्षानुवर्षं जपलेली. जेवढी जुनी तेवढी चांगली म्हणे. पोट जड झालं की आलं घालून उकळून प्यायची. काकीला वाटलं, आधीच्या पाहुण्याने खाऊन ठेवलेला कचरा आहे. काळी पडलेली, कडक सालं! तिने ती मागच्या उकिरड्यावर टाकली आणि बरणी घासून ठेवली.

आणि उकिरड्याशेजारी वॉचमनची शेळी बांधलेली!

आम्ही तिघंही धावलो. शेळी सालांवर तोंड टेकवून उभी. काकी एवढ्या मोठ्याने ओरडली की शेळीच दचकली. बघतो तर काय, शेळीने सालं नुसती हुंगली होती आणि मान फिरवली होती. एकही गेलं नव्हतं! लिनसाहेबांनी एकेक साल उचललं, शर्टाला पुसलं. इस्त्रीच्या शर्टाला! सालं बरणीत पडली आणि आमचा जीव भांड्यात.

परत येताना काकी माझ्या कानाशी आली. "बाय, शेळीसुद्धा खात नाय ते हा मानूस पोटासाठी खातो. मग त्याचं पोट बिघडंल नाय तर काय होईल!"

*

तिची वाणी खरी झाली. पुढच्या रविवारी कुणीतरी लिनसाहेबांना हायवेवर मिसळ खायला नेलं. वर आग्रहाने तर्री घातली. दुपारी साहेब परतले ते पोट धरून, वाकून.

स्वयंपाकघरात दोन बर्नर. एकावर साहेबांनी साल आणि आलं उकळायला ठेवलं. दुसऱ्यावर काकीने ओवा, सुंठ आणि चिमूटभर हिंग. काकी म्हणाली, "माझं पी." साहेबांनी मान हलवली. साहेब स्वतःचा कप उचलायला गेले, तर काकीने तो बाजूला सरकवला. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. जसं काही मी कोर्टातली जज्ज!

मी म्हटलं, "एकमेकांचं प्या. आधी त्याचं काकीने, मग काकीचं त्याने."

काकीने डोळे मिटून घोट घेतला. मग दुसरा घेतला. साहेबांनी काकीचा पेला एका दमात रिकामा केला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग जी ढेकर दिली! बाहेर वॉचमन उठून उभा राहिला. साहेबांनी काकीला कमरेत वाकून नमस्कार केला.

"आणि तुला त्याचं कसं लागलं गो?" मी विचारलं.

"आल्याचं पानी हाय. त्यात साल कशाला, ते त्याच्या आईला ठाव."

पण नंतरच्या आठवड्यात मी गेस्ट हाऊसच्या गच्चीवर गेले, तर सुपात संत्र्याची सालं वाळत घातलेली. मी काकीकडे बघितलं, तर ती भांडी आवाज करून घासायला लागली.

"माझ्यासाठी नाय हां! त्याची संपली तर?"

*

लिनसाहेबांचा आणखी एक नियम होता. गार पाणी बंद. महाडचं ऊन, पत्र्याची शेड, आणि हा माणूस थर्मासमधून वाफाळतं पाणी पितोय! कॅन्टीनवाल्याने पहिल्या दिवशी मला हळूच विचारलं, "मॅडम, पाहुण्यांना ताप आहे का?"

साहेबांचं म्हणणं, गार पाण्याने पोटातली चूल विझते. आमचा इलेक्ट्रिशियन जाधव, जवळच्याच नाते गावचा, साहेबांच्या हाताखाली दिवसभर काम करायचा. त्याला हे फार पटलं. त्याची जुनी पित्ताची तक्रार होती. तो गरम पाणी प्यायला लागला, त्याला बरं वाटलं, आणि मग त्याने प्रचारच सुरू केला. बघता बघता अख्ख्या शिफ्टने घरून किटल्या आणल्या. जिथे प्लग तिथे किटली!

एका दुपारी पूर्ण ऑफिसची लाईट गेली. मी जाधवला बोलावलं. तो फ्यूजचा डबा उघडून बघतोय, वास घेतोय, पुढे-मागे करतोय.

"काय रे, काय झालं? नव्या मशिनचा लोड आला का?"

"नाय मॅडम," तो मान खाली घालून म्हणाला, "पोटाचा आलाय."

*

याच जाधवाचं त्या पोटावरून आणखी एकदा हसं झालं. साहेबांच्या सुटकेसमध्ये मोठाल्या गोल गोळ्या होत्या. लिंबाएवढ्या नाहीत, पण मोठ्या बोराएवढ्या नक्की. जड जेवण झालं की खायच्या. एका हळदीला भरपूर मटण खाऊन आलेला जाधव दुसऱ्या दिवशी कामावर नुसता सुस्कारे टाकत होता. साहेबांनी त्याला एक गोळी दिली आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

परत येऊन बघतात तर जाधव भिंतीला टेकून, डोळे बाहेर, पाण्यावर पाणी पितोय. गोळी गिळली होती. अख्खी!

साहेबांनी दुसरी गोळी घेतली आणि त्याला दाखवली. वरचं कवच मेणाचं असतं. ते फोडायचं, टाकून द्यायचं. आत मधात मळलेलं औषध असतं, ते चावून खायचं.

जाधव घाबरला. "मग ते मेण आता कुठं गेलं?"

साहेबांनी मोबाईलला विचारलं. बाई म्हणाली, "काळजी करू नका. उद्या भेटेल."

*

होळीला काकी गावी कुडपणला निघाली, तेव्हा लिनसाहेबांनाही बरोबर घेऊन गेली. मी पण गेले. पोलादपूर सोडलं की घाट सुरू होतो आणि वर पोचलात की एकदम सपाट माळ. काकीच्या सासूबाई अंगणात बसलेल्या. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. सुनेने कुणाला आणलंय ते त्यांनी नीट न्याहाळून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जेवतो ना रे नीट?"

साहेबांना कळलं की इथे पोटाची चौकशी चालली आहे. ते खुलले. पिशवीतून एक पुडी काढली. मोबाईलमधल्या बाईने जाहीर केलं, "हे फार मौल्यवान औषध आहे. पोट बिघडलं की घेतात. दुकानदार म्हणाला, हे दूरच्या देशातून येतं."

सासूबाईंनी पुडी हातात घेतली. उघडली. एक दाणा उचलून दाताखाली धरला. मग काही न बोलता आत गेल्या आणि सूप घेऊन आल्या. सुपात तेच होतं! हिरडा! मागच्या रानातला, सालाबादप्रमाणे वाळवून ठेवलेला.

साहेब सुपाकडे बघतात, पुडीकडे बघतात. दोन्हीकडचा एकेक उचलून वास घेतात. मग खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

सासूबाई त्यांची पाठ थोपटत काकीला म्हणाल्या, "आपली पोरं मुंबईला जातात नि गणपतीला तरी येतात. हा बघ मेला, पार चीनला जाऊन आलाय!"

*

आता हा जो सांगते, तो हसायचा नाही. पण लिनसाहेबांचे किस्से सांगायचे आणि हा गाळायचा, असं मला जमत नाही.

आमचे प्लँट हेड शेलारसाहेब. दिवसातून चार वेळा म्हणणार, "अ‍ॅसिडिटीने जीव घेतला." टेबलाच्या खणात गुलाबी औषधाची बाटली कायम. साहजिकच लिनसाहेबांशी त्यांचं चांगलं जुळलं. आठवड्यातून एकदा तरी ते गेस्ट हाऊसला जेवायला यायचे आणि जेवणानंतर सालीचा काढा मागून घ्यायचे.

मशिनच्या ट्रायलचा दिवस होता. मुंबईहून मोठी माणसं यायची होती. शेलारसाहेब सकाळपासून पळत होते. दुपारी जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"जळजळतंय. लिन, तुझा काढा दे बरं."

लिनसाहेबांनी पाणी ठेवलं, बरणी उघडली. काकी तोवर मुठीत ओवा घेऊन आलीच. "साहेब, आधी हे चावा. पटकन मोकळं होईल."

लिनसाहेबांनी सहज मागे वळून बघितलं. आणि तसेच थांबले. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि शेलारसाहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एका हाताने ते जबडा चोळत होते.

लिनसाहेबांनी गॅस बंद केला.

"नो टी," ते म्हणाले. "हॉस्पिटल."

"अरे, गॅस आहे. रोजचाच आहे."

"नो. हॉस्पिटल. नाऊ."

शेलारसाहेब चिडले. "ट्रायल सोडून? माणसं निघालीयत मुंबईहून! काकी, तो ओवा द्या इकडे."

काकीने हात पुढे केला, तर लिनसाहेबांनी तो मनगटाला धरून मागे घेतला. तोवर त्यांनी कधी कुणाला साधा हातही लावला नव्हता. मग मोबाईल तोंडाशी धरून ते भराभर काहीतरी बोलले. आणि ती बाई, जी रोज काहीच्या काही बरळायची, ती त्या दिवशी एक शब्द चुकली नाही.

"माझे वडीलही म्हणाले होते, गॅस आहे. मी त्यांच्यासाठी काढा करत होतो. काढा उकळायच्या आत ते गेले."

शेलारसाहेबांनी एकदा लिनसाहेबांच्या तोंडाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "बरं. जाऊ या."

त्यांना एक पाऊल चालू दिलं नाही. जाधवने आणि वॉचमनने खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. जाधवनेच गाडी चालवली. मी पुढे, मागे लिनसाहेब, त्यांच्या खांद्याला टेकून शेलारसाहेब. काकीही तशीच चढली होती, चप्पल न घालता.

गावातल्या हॉस्पिटलमध्ये ताबडतोब कार्डिओग्राम काढला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "हार्ट अटॅक आहे. वेळेवर आणलंत. आणखी उशीर केला असता तर मला काही सांगता आलं नसतं." इंजेक्शनं दिली, शेलारवहिनींना बोलावून घेतलं आणि अ‍ॅम्ब्युलन्सने मुंबईला हलवलं.

आम्ही चौघं गेस्ट हाऊसला येऊन पायरीवर बसलो. ट्रायल पुढे ढकलली होती. दिवे लागायच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. ब्लॉक काढला, साहेब शुद्धीवर आहेत, पाणी मागतायत.

मी मोठ्याने सांगितलं, तशी काकीने तिथेच रडायला सुरुवात केली. तिने मूठ उघडली. ओवा अजून हातातच होता, पार चुरा झालेला.

लिनसाहेबांनी दोन्ही हात पोटावर धरले आणि पहिल्यांदाच मोबाईल न वापरता मराठीत बोलले. "काकी. पोट. दुखतं."

काकीने त्यांच्या हातावर तो चुरा ओतला. त्यांनी तो सगळा तोंडात टाकला आणि चावत बसले.

शेलारसाहेब पुढे बरे होऊन कामावर आले. बारीक झाले, पण गडी ठणठणीत! पहिल्याच दिवशी गेस्ट हाऊसला आले आणि लिनसाहेबांसमोर बसले. "त्या दिवशी दिला नाहीस. आज तरी देशील का काढा?"

लिनसाहेबांनी हात पुढे केला. "फर्स्ट, डॉक्टर फोन."

आणि खरोखरच डॉक्टरांना फोन लावून विचारलं, तेव्हाच गॅस पेटवला!

*

आता शेवटचा. हा मी कुठेही गेले की लोक सांगायला लावतात.

बुद्धपौर्णिमा होती. जाधवने आम्हा सगळ्यांना नाते गावात घरी बोलावलं. सकाळी विहारात वंदना झाली, मग त्याच्या घरी जेवण. जाधवच्या आयेने खीर केली होती, तांदळाची, वेलची घालून. लिनसाहेबांनी एक वाटी घेतली. मग दुसरी. आये पळी घेऊन उभीच. "घ्या हो, लांबनं आलायसा." साहेबांना नाही म्हणता येईना, आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. मी डोळ्यांनी खुणावलं, काकीने कोपराने ढोसलं. काही उपयोग नाही. पातेल्याचा तळ दिसेपर्यंत खीर चालली.

दुपारी पुन्हा विहारात कार्यक्रम. वस्तीतली सगळी माणसं, बाया, म्हातारेकोतारे जमलेले. समोर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. सूत्रसंचालन दामूबाबांकडे. वस्तीतले जुनेजाणते, धम्माचा अभ्यास दांडगा. त्यांनी लिनसाहेबांना शाल दिली आणि माईकवर म्हणाले, "लांबच्या मुलखातले पाहुणे आज आपल्यात हायत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

साहेब उभे राहिले. चेहरा थोडा पिवळट दिसत होता. मला वाटलं, लाजले असतील. त्यांनी मोबाईलमध्ये काहीतरी पुटपुटून तो माईकसमोर धरला. बाईचा आवाज विहारभर घुमला.

"मला दुःख आहे."

दामूबाबांनी मान डोलावली. "खरं हाय. जगात दुःख हाय."

साहेबांनी पुन्हा मोबाईल तोंडाशी धरला. जरा घाईने.

"दुःखाला कारण आहे. मी लोभ केला."

दामूबाबा ताठ बसले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

साहेब आता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"हे दुःख थांबू शकतं. कृपया मार्ग दाखवा."

दामूबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते माईक ओढून लोकांना म्हणाले, "ऐकलंत? चारी आर्यसत्यं! एका दमात! आपन वर्सानुवर्सं ऐकतो नि विसरतो!" मग साहेबांकडे वळून, समजावणीच्या सुरात, "पाहुणे, मार्ग आठ अंगांचा हाय. सावकाश समजून घ्यायचा. घाई करून नाय भागत."

साहेबांनी हे मोबाईलवर वाचलं. त्यांचा चेहरा पडला. आणि कळवळून ते शेवटचं बोलले. बाई म्हणाली,

"मी आता थांबू शकत नाही."

तेवढ्यात जाधवचं लक्ष साहेबांच्या हाताकडे गेलं. शालीच्या आत, पोटावर! तो ताडकन उठला, साहेबांच्या दंडाला धरलं आणि दोघं मागच्या दाराने जे धावले!

लोक जागचे हलले नाहीत. दामूबाबा हात जोडून बसून राहिले. मी आणि काकी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

बऱ्याच वेळाने साहेब परत आले. तोंड धुतलेलं, केस नीट बसवलेले, शाल खांद्यावर. पावलं संथ. चेहऱ्यावर असं काही समाधान की बायाबापड्या बघतच राहिल्या. जाधव मागे, मान खाली घालून, ओठ चावत.

दामूबाबा उठले. माईक चालूच होता. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पाहुणे, गवसला का मार्ग?"

साहेबांनी मोबाईल माईकपाशी नेला.

"गवसला. आता फार शांत वाटतंय."

आणि अख्खा विहार एका आवाजात म्हणाला, "साधु! साधु! साधु!"